तीन मितींपुरतं

सिद्धक आला त्या वर्षी आमच्या धंद्यातल्या माणसांनी काय काय केलं ते सांगायला लागलं की लोकांना गंमत वाटते. आमच्या संस्थेतले एक जण बासरी शिकायला लागले. दुसऱ्यांनी गावी जाऊन चार म्हशी घेतल्या, आणि आमच्यात सगळ्यांत सुखी तेच निघाले. मी अर्ज केला.

सिद्धक म्हणजे गणितातली विधानं सिद्ध करणारं यंत्र. विधान द्यायचं, ते खरं असेल तर सिद्धक त्याची सिद्धता देणार, खोटं असेल तर कुठे मोडतं ते दाखवणार, आणि प्रत्येक पायरी इतकी सोपी की नववीतल्या मुलीला तपासता यावी. पायऱ्या मात्र लाखांत. २०३५च्या हिवाळ्यात त्यानं तीनशेच्या वर जुने प्रश्न निकालात काढले. त्यांतल्या काहींवर माणसांच्या तीन-तीन पिढ्या खपल्या होत्या. चूक एकही सापडली नाही. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला उठवून पंगतीत बसवावं आणि आता तू फक्त जेव म्हणावं, तशी आमची गत झाली.

मग गणित्यांच्या जागतिक परिषदेनं एक नियम केला. प्रत्येक संशोधकाला एक प्रश्न, फक्त एक, पाच वर्षांसाठी आपल्या नावावर राखून ठेवता येईल. सिद्धकनं तो सोडवला असला तरी उत्तर मोहरबंद राहील, आणि मोहोर उघडायची किल्ली, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक शब्द, फक्त त्या संशोधकाकडे असेल. सिद्धक जगात तीनच ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी या करारावर सह्या झाल्या. दर वर्षी आपण कुठवर आलो त्याचं एक टिपण आपणही मोहरबंद करून जमा करायचं, म्हणजे पुढेमागे श्रेयाचा वाद नको. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना हातपाय हलवायला एक-एक वाफा देतात ना, तसंच हे होतं. माझा वाफा मला ऑगस्ट २०३६मध्ये मिळाला.

माझा प्रश्न समजायला अवघड नाही. बाजारात माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारतो आणि आवाजावरून तडा आहे की नाही ते ओळखतो. आत हात घालत नाही, फोडून तर मुळीच बघत नाही. आता माठाच्या जागी कुठलीही घन वस्तू घ्या. तिच्या पृष्ठभागावर एका जागी ठोका मारायचा आणि दुसऱ्या जागी तो किती वेळानं पोचतो ते मोजायचं. असे सगळ्या जागांपासून सगळ्या जागांपर्यंतचे वेळ हातात आले तर आतलं सगळं कळेल का? आत कुठे घट्ट आहे, कुठे भुसभुशीत आहे, कुठे पोकळी आहे? की एकाच वेळापत्रकात बसणारी दोन वेगवेगळी अंतरंगं असू शकतात?

ठोक्याची लहर सरळ जात नाही, वाकडी होते; घट्ट भागातून पळते, सैल भागात रेंगाळते; कधी आतच फिरत बसते आणि बाहेर येत नाही. म्हणून हा प्रश्न भूमितीचा. विश्वाच्या सीमेवर प्रकाश केव्हा पोचतो यावरून आतला अवकाश कसा वाकला आहे ते सांगता येईल का, असंही विचारता येतं; म्हणून तो भौतिकशास्त्राचाही. विश्वाला तीनच मिती असल्या पाहिजेत असं आमच्या लोकांवर बंधन नाही. मी चार मितींत काम केलं, सातात केलं, अकरात केलं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी माझ्या मार्गदर्शक लोंढे सरांनी हा प्रश्न मला दिला तेव्हा म्हणाले होते की हा सोडवशील तर सगळ्या मितींत सोडव, तुकडे विकू नकोस. ताट पूर्ण वाढून झाल्याशिवाय पंगतीला हाक मारत नाहीत. सर गेले, पण त्यांच्या शिस्तीत मी पुरती मुरले होते. इतरांनी माझ्या निम्म्या मेहनतीत तिप्पट शोधनिबंध छापले आणि मला त्यांची कीव यायची.

मी मूळची कारवटची. कोयना खोऱ्यात पाटणच्या वर, भैरीच्या डोंगराच्या पायथ्याला हे गाव होतं. माझा भाऊ हिंदुराव माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा त्यानं शाळा सोडली आणि मी सोडली नाही, एवढ्या एका वाक्यात आमचं घर सांगून होतं. तो शेती करत राहिला, दोनदा सरपंच झाला. मी कोल्हापूरला संस्थेत गणित करत राहिले. मी नेमकं काय करते हे त्याला कधीच कळलं नाही. पण गावात कुणी विचारलं तर तो सांगायचा की आमची वृंदा न फोडता नारळ आतून ओळखते.

जानेवारी २०४१च्या दुसऱ्या आठवड्यात इरफान मुल्ला मला भेटायला आला. कराडचा मुलगा, भूभौतिकीचा पदवीधर, आणि डोंगरउतारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी शाखेत अभियंता. त्यानं भैरीच्या डोंगराला चारी बाजूंनी दोनशे श्रवणयंत्रं लावली होती. ठोके मारून, वेळ मोजून, त्यानं डोंगराच्या आतली चित्रं काढली होती आणि ती दोन होती. दोन्ही त्याच्या आकड्यांत तंतोतंत बसत होती. एका चित्रात गावाच्या वरच्या अंगाला पाण्यानं भरलेला एक सैल पट्टा होता. पावसाळ्यात जपायचं, एरवी काही नाही. दुसऱ्यात त्याच जागी तिरपी, लांब, कोरडी भेग होती. हे दुसरं चित्र खरं असेल तर डोंगराला पावसाची गरज नव्हती. एक बऱ्यापैकी धक्का पुरे होता, आणि कोयना खोऱ्यात धक्के काही पंचांग बघून येत नाहीत.

दरडीच्या भीतीनं गाव तीन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये काढून वैतागलं होतं. नोव्हेंबरात सगळे घरी परतले होते. आता पुन्हा हला म्हणायचं तर 'बहुतेक' या शब्दावर कुणी हलणार नव्हतं; तो शब्द त्यांनी तीन वर्षं ऐकला होता. इरफानला एकच चित्र हवं होतं. त्यानं म्हणे सिद्धकच्या यादीत शोधलं, तेव्हा त्याला कळलं की नेमका हा प्रश्न राखीव आहे आणि राखणारी बाई कोल्हापुरातच बसते.

त्यानं फार नम्रपणे मागितलं. म्हणाला, मॅडम, सिद्धतेत पद्धत असणार, दोन चित्रांतलं खरं कुठलं हे ठरवायची; ती मिळाली की माझं चार दिवसांचं काम आहे. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की मी शेवटच्या पायरीवर आहे. हे खरं होतं. चौतीस वर्षांत मी शेवटच्या पायरीवर कधीच नव्हते आणि तेव्हा होते. महिनाअखेरपर्यंत थांब, म्हटलं. मी स्वतःच सिद्धता हातात देईन, आणि ती सिद्धकच्या ढिगाऱ्यापेक्षा वाचायला सोपी असेल. त्यानं चहा संपवला. मग महिनाअखेरीला येतो म्हणून गेला.

मला धोका कळत नव्हता असं समजू नका. माझी माणसं त्या डोंगराखाली होती. पण दोन चित्रं समोर होती आणि त्यांतलं एक निरुपद्रवी होतं. मी मनातल्या मनात ते धरून चालले, कारण ते धरलं की मला महिना मिळत होता. किल्ली देणं म्हणजे टेबलावर दोन हजार पानं येऊन पडणं आणि माझी चौतीस वर्षं त्यांच्या तळटिपेत जाणं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलायला कुणी नव्हतंही.

त्या आठवड्यात दादाचा फोन आला. मुल्लासाहेब गावात येऊन गेले होते आणि त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, की उत्तर वृंदाताईंच्या हातात आहे. दादानं मला घाई करायला फोन केला नव्हता.

"तू सांगशील तवा," तो म्हणाला. "तू म्हटल्याबिगर आमी हलत न्हाय. सरकारचं लई आयकून झालं."

मी महिनाअखेर म्हटलं. मग शालन वहिनी फोनवर आली. जेवलीस का, विचारलं. फळीवरची भांडी परवा दुपारी वाजली, असंही हसत सांगितलं. कोयनेच्या बाजूला भांडी वाजणं म्हणजे शेजारणीनं हाक मारण्यासारखं, मीही हसले.

एकतीस जानेवारीला माझी शेवटची पायरी अजून एक पायरी दूर होती. इरफानचा फोन आला तेव्हा मी त्याला पंधरा दिवस मागितले. तो या वेळी एवढंच म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे वेळ किती आहे ते मला माहीत नाही." मी म्हटलं, कुणालाच माहीत नसतं. आज ते वाक्य आठवलं की ते दुसऱ्याच कुठल्या तरी बाईनं म्हटल्यासारखं वाटतं.

त्या चार आठवड्यांत मी आयुष्यात सगळ्यांत सुखी होते. सकाळी सहाला फळ्यापुढे उभी राहायची, डब्यातलं जेवण उभ्यानं जेवायची. पाचव्या आणि त्यावरच्या सगळ्या मिती एकाच युक्तीनं पडल्या. चौथी तेवढी अडून बसली होती. चौथी नेहमीच आडमुठी असते, भूमितीतल्या कुणालाही विचारा. हे लिहायला लाज वाटायला हवी. वाटत नाही. काहीच वाटत नाही, आणि चौदा महिन्यांची माझी तक्रार तीच आहे.

अकरा फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, कोल्हापुरात पायाखालची फरशी किंचित सरकली. मी फळ्याला हात टेकला, थांबले, आणि पुन्हा लिहायला लागले. पाऊण तासानं इरफानचा फोन आला. दरड, भूस्खलन असे त्याच्या खात्याचे शब्द त्यानं वापरले नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, डोंगर आला."

संस्थेच्या गाडीत बसल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर किल्ली दिली. कराडच्या अलीकडे रस्ता खराब आहे, त्यामुळे सांकेतिक शब्द दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर लागला आणि पडद्यावर आभार मानणारा मजकूर आला.

सुगीचे दिवस असल्यामुळे बहुतेक गाव शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, काढणीला रानात होतं, म्हणून माणसं वाचली. गेली ती नऊ. घरी राहिलेली म्हातारी माणसं, एक बाळंतीण आणि तिचं बाळ, आणि कंबर धरली म्हणून त्या दिवशी रानात न गेलेली शालन वहिनी. मी पोचले तेव्हा दादा मातीच्या ढिगाशी बसला होता. त्यानं मला बघितलं आणि सरकून बसायला जागा करून दिली. मी बसले. माती कोरडी होती, हातात घेतली की भुरभुर पडत होती. मी त्या ढिगाचा उताराचा कोन अंदाजानं मोजला. मग वहिनीला बाहेर काढलं, आणि बाकीच्या बायका रडत होत्या तेव्हा मी कुणाला पाणी दे, कुणाला धर, अशी कामं करत राहिले. लोक म्हणाले, वृंदाताई खंबीर आहेत.

दिवसकार्य उरकून मी कोल्हापूरला परतले, त्यानंतर चार दिवसांनी इरफान आला. सिद्धकच्या सिद्धतेतली पद्धत वापरून त्यानं चित्र काढलं होतं. भेग. अपेक्षेप्रमाणेच. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण काम अर्धं सोडायची सवय त्यालाही नव्हती. ते चित्र त्यानं टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी सिद्धकच्या अहवालाचं पहिलं पान ठेवलं. अहवाल मी उघडूनही बघितला नव्हता.

सिद्धकला एक नियम घालून दिला होता. मोहोर उघडण्याआधी एखादी गोष्ट माणसानं स्वतः केली असेल, आणि ती जमा टिपणात असेल, तर श्रेय त्या माणसाला द्यायचं. पहिल्या पानावर सगळ्यांत वर लिहिलं होतं: 'तीन मितींपुरतं श्रेय: वृंदा शेडगे, वार्षिक टिपण, मे २०३९, टीप सहा.'

मी ते टिपण काढलं. टीप सहा माझ्याच अक्षरात, पानाच्या तळाला, दोन ओळींची होती. 'तीन मितींत मात्र हे वरच्या पायरीवरून लगेच मिळते. खरे अंतरंग शोधण्याची पद्धतही उघड आहे.' त्याखाली मी एक रेघ मारली होती आणि चौथ्या मितीकडे वळले होते.

मला ती टीप लिहिल्याचं चांगलं आठवत होतं. कधीच विसरले नव्हते. फक्त ती आणि डोंगर या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी आल्या नव्हत्या. इरफाननं 'तो प्रश्न' म्हटलं आणि माझ्यासाठी तो प्रश्न म्हणजे सगळ्या मितींतला, पूर्ण वाढलेला होता. तीन मिती हा त्यातला कोशिंबिरीएवढा भाग, त्याचा वेगळा उल्लेख कोण करतो? त्यानं मला एकदा जरी विचारलं असतं, की मॅडम, तीन मितींत काय होतं, तर अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं आणि तासाभरात पद्धत लिहून दिली असती. त्यानं विचारलं नाही. डोंगर तीन मितींचा असतो हे कुणाला सांगावं लागेल असं शहाण्या माणसाला कसं वाटणार? काखेत कळसा अशी म्हण आहे आपल्यात. ती म्हण हसण्यासाठी आहे. नऊ माणसांवर ती बसत नाही.

इरफाननं विचारलं, "पद्धत उघड आहे म्हणजे किती उघड, मॅडम?"

मी फळ्यापाशी गेले आणि लिहून दाखवलं. फळा निम्मासुद्धा भरला नाही. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं, कारण दुसऱ्या डोंगरांना लागणार होतं. दारापाशी थांबून म्हणाला, "मी माझ्या अहवालात टिपणाची तारीख लिहिली आहे. लपवलेली नाही. कुणी वाचली तर वाचतील." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, निदान काहीतरी वाटलं असतं. उन्हाळ्यात त्यानं बदली मागून घेतली. आता तो सिक्कीमला असतो.

तारीख कुणी वाचली नाही. श्रेय मात्र सगळ्यांनी वाचलं. यंत्राच्याही आधी कारवटच्या कन्येनं करून दाखवलं, असं वर्तमानपत्रांत आलं. चौकशी समितीनं सगळं नियमाप्रमाणेच झालं असा निष्कर्ष काढला, आणि तो बरोबर होता. मी एकही नियम मोडला नव्हता. परिषदेनं एक पदक दिलं. चौथी मिती सिद्धकच्या सिद्धतेतून मी वाचून काढली. युक्ती माझ्या हाताशी आली होती, एक चिन्ह फिरवायचं राहिलं होतं. वाचून झालं, मी पान उलटलं.

त्या वर्षात मी नीट जेवत होते, नीट झोपत होते, व्याख्यानं देत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रडू येतं का? म्हटलं, नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. वहिनीच्या वर्षश्राद्धाला पान वाढताना भाचीनं हंबरडा फोडला आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, तेव्हा माझं लक्ष हाताच्या फेऱ्या मोजण्याकडे होतं.

या एप्रिलमध्ये नव्या गावठाणातली शाळा बांधून पूर्ण झाली. गाव आता पाटणच्या रस्त्याला सपाटीवर वसवलं आहे, सारख्या आकाराच्या सिमेंटच्या घरांच्या चार ओळी. उद्घाटनाला मला बोलावलं. दादानं फोनवर सांगितलं की भाषणात तू शेवटच्या दिवसापर्यंत आमच्यासाठी कसं गणित मांडत होतीस ते पोरांना सांग. गावाला त्यानं हेच सांगितलं होतं. चौदा महिने तो प्रत्येकाला हेच सांगत होता. सरकार झोपलं, यंत्र कुलपात पडलं, पण माझी बहीण डोंगर हलला त्या घटकेलाही फळ्यापुढं उभी होती. यातलं शेवटचं अक्षरशः खरं होतं, आणि दुरुस्त करायला तेच सगळ्यांत अवघड होतं.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. पण एखादं विधान खोटं आहे हे माहीत असताना ते माझ्या नावावर फळ्यावर राहू देणं मला जमत नाही. त्याला सद्सद्विवेक म्हणायचं असेल तर म्हणा. मला ती नुसती सवय वाटते. दादाला गमवायची वेळ आली तर काय, याचा विचार मी गाडीत बसून कोल्हापूर ते कराड केला. माझं दुसरं कुणी नाही. कराडच्या पुढे विचार बंद पडला.

कार्यक्रम अकराला होता. मी नऊलाच दादाच्या घरी गेले. तो एकटाच होता. गॅसवर चहा ठेवला होता आणि त्यात साखर किती घालायची हे अजून त्याला उमगलं नव्हतं. दोन घोटांत कळत होतं. मी पाटावर बसले आणि सांगायला लागले. आडवळणं घेतली नाहीत. इरफाननं किल्ली मागितली तेव्हा मी का दिली नाही ते सांगितलं. मग टीप सहाचं सांगितलं.

"तीन मिती म्हंजी काय?" त्यानं विचारलं.

"लांबी, रुंदी, उंची. डोंगराला तेवढंच असतं."

"मग बाकीच्या कशाला पायजे हुत्या?"

याचं उत्तर मी व्याख्यानांतून पुष्कळदा दिलं आहे, चांगलं देते. त्या घरात खरं उत्तर दिलं. "मला हव्या होत्या," मी म्हटलं.

त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजी तुला म्हाईत हुतं."

"माहीत होतं. लक्षात आलं नाही."

"किती दिस आदी?"

"पावणेदोन वर्षं."

बाहेर कुणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं, एक-दोन-तीन म्हणत होतं. दादा भिंतीकडे बघत राहिला. तिथे वहिनीचा फोटो होता. कुठल्याशा लग्नातल्या गर्दीतून कापून मोठा केलेला, त्यामुळे तिच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहिला होता.

"ती मला तीन बाऱ्या म्हणली," तो म्हणाला. "चला पोरीकडं कराडला, चार महिनं ऱ्हाऊ. मी म्हणलो, वृंदा सांगू दे." मग म्हणाला, "गावालाबी मीच थांबीवलं. निम्मी मान्सं निगाली हुती. दारोदार जाऊन मीच म्हणलो, माजी भन सांगंल, तवर हलू नका."

हे मला माहीत नव्हतं. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. चौदा महिने माझ्या नावाचा डंका पिटत तो काय झाकत होता ते मला आत्ता कळलं, आणि छातीत काहीतरी दुखलं. खरंखुरं दुखलं, बरगडीला मार लागावा तसं. मी हात पुढे केला. त्यानं तो धरला नाही, झिडकारलाही नाही. उठला, दोन्ही कप मोरीत नेऊन विसळले, पालथे घातले आणि खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले.

"माजं आयकून झालं," तो म्हणाला. "मान्सं गेलेली अजून सा घरं हायत. माजं नावबी सांग तितं. जा."

साठ वर्षांत त्यानं मला कधी 'जा' म्हटलं नव्हतं. मी उठले. तो दारापर्यंत आला नाही.

शेजारचं घर झोऱ्यांचं. त्यांची सून आणि तिचं सोळा दिवसांचं बाळ त्या दिवशी घरात होतं. सासू, यशोदाबाई, नवं लुगडं नेसून कार्यक्रमाला निघायच्या तयारीत होत्या. मला बघून त्यांना कोण आनंद झाला. पाव्हणी आधी आपल्या दारी आली म्हणून त्यांनी लगबगीनं घोंगडी अंथरली, आणि पाणी आणायला आत वळल्या.

"पाणी नंतर, मावशी," मी म्हटलं. "आधी तुम्ही बसा."